केसांचा रंग

चाकूरबाहेरच्या माळावर अकरा पालं होती. चुली सात, त्यातल्या पेटलेल्या दोन. पाच वर्षांखालची लेकरं नऊ. आशा कार्यकर्ती उज्वलानं एकेकाच्या दंडाला मोजपट्टी लावली. आठ जणांचं कसंबसं निभावलं. नववी, यल्लवाची दीड वर्षाची पोर, पट्टीच्या लाल, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या, भागात गेली. दंड १०.७ सेंटीमीटर, पावलांवर सूज, केस भुरे, कातडी पांढुरकी. पोर रडतही नव्हती.

"दूध ओढती का?"

"कालपासनं न्हाई, ताई."

"मग आत्ताच लातूरला न्यावं लागंल. संध्याकाळपर्यंत थांबलो तर हाती लागायची न्हाई."

फारूकभाईंनी ऑटो काढला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

महिनाभर सगळ्यांच्या मोबाइलवर पोरं पळवणारी टोळी फिरत होती. तालुक्यात एकही पोर हरवलं नव्हतं, तरी शाळांची हजेरी निम्म्यावर आली होती. बाराव्या किलोमीटरला, फाट्यावर, वीसेक जणांनी ऑटो अडवला. किराणा दुकानवाले भुजंगराव पुढं आले, आत डोकावले.

"बाई कोळशावानी अन् पोर दुधावानी! केस तर बघा, साहेबाचे. कुठनं उचलली गं?"

"माझीच हाय, मालक."

"समद्या असंच म्हणतेत. अन् डायवर, तुझं नाव?"

"फारूक."

"घ्या! आख्खी टोळीच घावली की."

कुणीतरी चावी काढून घेतली. उज्वला खाली उतरली, गळ्यातलं ओळखपत्र पुढं धरलं.

"काका, हा रंग जन्माचा न्हाई, उपासाचा हाय. पोटात डाळ-दूध गेलं न्हाई की केसांचा रंग उडतो. हे बघा." तिनं पोरीच्या पावलावर अंगठा दाबला, तीन आकडे मोजले, उचलला. खळगा तसाच राहिला.

"उपास? आपल्याकडं?" भुजंगराव हसले. "हितं घरोघर रेशन हाय, बाई. अन् असली कार्डं झेरॉक्सवाला बी छापून देतो."

गर्दीच्या कडेला एक म्हातारी कडेवर नातू घेऊन उभी होती. त्याचं जावळ उज्वलाला दिसलं. तोच तांबूस रंग.

"मावशी, तुमच्या बाळाचे केस दाखवा ना यांना. त्याला तर कुणी पळवलेलं न्हाई!"

माना वळल्या. म्हातारीनं झटक्यात पदर ओढून पोराचं डोकं झाकलं. "आमच्यात उन्हानं होतंय तसं," ती म्हणाली आणि मागं सरली. मग सगळे पुन्हा ऑटोकडं बघायला लागले.

यल्लवाच्या मांडीवर पोरीची मान कलली. उज्वलानं पिशवीतून साखरपाण्याची बाटली काढली, चमचा भरला.

"गुंगीचं आसंल! पाजू देऊ नगा!"

बाटली हिसकावली गेली आणि रस्त्यावर सांडली.

"मी पेले असते की आधी! तुमच्यापुढं पेले असते!" उज्वला ओरडली. पण आता सगळेच ओरडत होते, आणि तिघंजण मोबाइल वर धरून उभे होते.

पोलीस दीड वाजता आले. त्यांनी आधार बघितलं, दोन फोन केले, चावी परत देवविली. फारूकभाईंनी लातूरपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

पोषण केंद्रात परिचारिकेनं पोरीची टाच टोचली. "साखर चोपन्नच्या खाली गेली की धोका," ती म्हणाली आणि थेंब पट्टीवर घेतला. यंत्रानं पाच सेकंद घेतले. मग आकडा उमटला.

एकवीस.