सुरुंगानंतरची हाक

सुरुंग उडाला की धुरळा बसायच्या आत त्रिंबक खाणीच्या कडेवर उभा राहून एकेकाचं नाव घेई आणि खालून "हाय!" असं उत्तर येई. नेकनूरजवळच्या त्या दगडखाणीत कोण जिवंत आहे ते असं कळायचं. त्याची मुलगी शिवकन्या या हाका ऐकतच वाढली. गेल्या पोळ्याच्या सुमारास त्यानं आपल्या धाकट्या भावाचं, बबनचं नाव घेतलं आणि खालून उत्तर आलं नाही.

तेव्हापासून बबनची बायको सुभद्रा खाणीत गेली नव्हती. विधवेची सावली पडली की सुरुंग उलटतो, असा त्या लोकांचा समज. ती भाकरी थापी. खाणीत त्या नेई शिवकन्येची आई, मुक्ताबाई. सुरुंगाचा आवाज आला की सुभद्रेचा हात थांबे, ओठ हलत. बबनच्या वतीनं ती उत्तर देते आहे, हे शिवकन्येला कळे.

त्रिंबक मात्र मोठा पुढारी. न उडालेला सुरुंग पहारीनं उकरायला लावणाऱ्या आप्पाराव मुकादमाविरुद्ध त्यानं सगळ्यांना एक करून काम बंद पाडलं होतं. निजामाच्या राज्यात त्याला छाती लागे. चौकशीला अंमलदार खाणीवरच येणार होता. पण "मी बबनला उकरायला सांगितलंच नाही," असं मुकादम म्हणे, आणि त्याचा हुकूम ऐकला होता एकट्या सुभद्रेनं.

"भावजी, मी येते. त्या रोजी मी भाकरी घिऊन गेलते. समदं सांगते."

त्रिंबकनं मान खाली घातली. "तू खाणीत पाय ठिवलास की गडी उठून जातील. एकी मोडंल."

"बा, कावून? साक्ष तर तिचीच हाय," शिवकन्या म्हणाली.

"गप बस."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! साक्षीदार नाही म्हणून अंमलदार परत गेला. चुली विझायला आल्या, तसं काम सुरू झालं. मुकादमानं पुन्हा एक न उडालेला सुरुंग दाखवला. दुसऱ्याला पुढे करवेना, म्हणून त्रिंबक स्वतःच पहार घेऊन उतरला.

त्यानंतर हाक मारायलाच कुणी उरलं नाही.

सुतक फिटल्यावर मुक्ताबाई सवयीनं भाकरी बांधून निघाली. वाटेत गड्यांनी अडवलं. "वैनी, तुमी आता घरीच ऱ्हावा." त्रिंबकला खांदा देणारेच होते ते.

शिवकन्येनं एका हातानं आईला धरलं, दुसऱ्यानं चुलतीला, आणि ती दोघींना खाणीवर घेऊन गेली. नुकताच सुरुंग उडाला होता. बापाच्या जागी उभी राहून तिनं हाक मारली.

"बबन!"

धुरळा खाली बसत होता.

"त्रिंबक!"

खाली कुणीतरी कान झाकून घेतले.

"सुभद्रा!"

"हाय."

"मुक्ता!"

मुक्ताबाईनं सुभद्रेचा हात धरला. मग ती रडतच म्हणाली, "हाय. आमी दोगीबी हाव."

"अंमलदाराला परत बोलवा," सुभद्रा म्हणाली. "साक्ष द्यायची हाय."

वाचकहो, त्रिंबकला ज्याची भीती होती ते घडलं नाही. एकही गडी उठून गेला नाही. पहार मात्र त्या दिवशी कुणी उचलली नाही.