माझं सागवानी नाक

मी कॉम्प्युटरचा कॅबिनेट बोलतोय. सगळे मला ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू माझ्या पोटात बसलेला असतो, बिस्किटाएवढा. पण फुकट मोठं नाव मिळतंय, तर कशाला नाही म्हणा!

पत्रा वाकवून मला कारखान्यात घडवलं. एका सुताराने लेकीच्या अभ्यासासाठी मला घरी आणलं. अभ्यास तिने केलाही. पण संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकून बाबाच तिच्याशी मोटारींची शर्यत खेळायला बसू लागले. त्यांची गाडी कठड्यावर आदळली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “हाच मध्ये अडकला!”

यंदा लेकीला परगावी नोकरी लागली.

“बाबा, मी तिकडून खेळते, तुम्ही इथून. रोज!”

पण दोन गावांतून खेळता येणारा नवा गेम माझ्यावर चालेना. चित्र जागच्या जागी थबकायचं. सगळंच नवं घ्यायची ऐपत नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर पडद्यावरचं चित्र रंगवणारं ग्राफिक्स कार्ड तेवढं बदलायचं, तेही वापरलेलं, असं लेकीने ठरवलं.

“फक्त आतली जागा मोजून ठेवा. कार्ड लांब आहे.”

बाबा मापाचे पक्के. पण धूळ झाडल्याशिवाय कशालाही टेप लावायची नाही, ही त्यांची जुनी रीत. त्यांनी माझा पुढचा पंखा काढला, मला लख्ख पुसलं आणि तसंच माप घेतलं. कार्ड आलं. पंखा जागेवर बसवला, तर कार्ड दोन बोटं जास्त!

“बाबा, पंखा काढून मोजलंत?”

बाबांनी टेप पुन्हा लावून पाहिली. “जन्म गेला माझा दारं-खिडक्या मोजण्यात...”

“दुकानदार परत घेणार नाही हो. आता नवा कॅबिनेट, नाहीतर राहू दे सगळं.”

पैसे तर संपले होते, आणि लेक उद्या निघणार होती.

बाबांनी मला उचलून कामाच्या खोलीत नेलं. करवत दिसताच मी देवाचा धावा केला. त्यांनी माझं तोंड चौकोनी कापलं, बाहेरून सागाची चौकट ठोकली आणि पंखा त्या चौकटीत बसवला. कार्ड आत अलगद मावलं.

“अगंबाई, याला नाक फुटलं!” लेक हसत सुटली आणि हसता हसता रडू लागली. निघताना तिने माझ्या नाकावरून हात फिरवला. “बाबांना सांभाळ रे.”

सांभाळतोय. हल्ली जरा धाप लागते, पत्रा कुरकुरतो. पण संध्याकाळी तिचा आवाज माझ्यातूनच घरात येतो, “बाबा, ब्रेक! ब्रेक दाबा ना!” बाबा आदळतात. दोष अजून मलाच, आणि मला तो फार आवडतो.

एकच मागणं आहे. उद्या नवा कॅबिनेट आणलात, तरी मला भंगारात घालू नका. खिळे ठेवायला का होईना, घरातच असू द्या.

हत्याराला कणभर धूळ चालत नाही त्या बाबांना, पण लेकीचा हात फिरलेलं माझं नाक ते कधीच पुसत नाहीत. सुट्टीला आली की लेक पुसते.