सपाट घेतलेलं माप

चाळीस वर्षं कोट शिवतेय मी. शाळा चौथीतच सुटली, पण माझं माप चुकलं असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. म्हणून लेकाने परदेशातून फोनवर सांगितलं, "आई, बाळंतपणाला एकीलाच बोलावता येईल, खोली एवढीशी आहे. तू नाहीतर सासूबाई. जिला विमानात कमी बसावं लागेल तिने यावं. मी बघून सांगतो," तेव्हा मी म्हटलं, "तू कशाला बघतोस? माझ्याकडे टेप आहे."

त्याच्या खोलीत शाळेपासूनचा पृथ्वीचा गोल आहे आणि भिंतीवर नकाशा. गोलावर टेप घसरायला लागला. मग नकाशाच काढला, कापायच्या टेबलावर पसरला, सुरकुत्या मोडल्या. आमच्या विमानतळापासून त्याच्या विमानतळापर्यंत साडेआठ इंच. विहिणीच्या गावाहून पावणेआठ. तीनदा मोजलं. पाऊण इंचापायी माझं नातवंड आधी तिच्या मांडीवर!

"नकाशावर मोजलंय मी. तिलाच बोलाव," मी लेकाला ठणकावलं.

"अगं आई, पण नकाशावर..."

"माप माझं आहे." फोन ठेवला.

आठवड्याने विहीणबाई दारात हजर. तिकडे थंडी फार, कोट हवा, आणि तो माझ्याच हातचा हवा. चेहरा असा फुललेला, जसं काही विमान हिच्यासाठीच बांधलंय.

"जरा सैल ठेवा हं विहीणबाई. तेरा तास बसायचंय."

"बसून बसून आणखी वाढणार आहात का?"

हसल्या. त्यांना काही लागतच नाही, हा आणखी एक ताप.

त्यांच्या पोटाभोवती टेप फिरवला आणि हात तिथेच थांबला. गोल अंगाचं माप सपाट धरून कोण घेतं? काल कामाला लागलेली पोरसुद्धा घेणार नाही!

"काय झालं हो?"

"काही नाही. हात असेच पसरून ठेवा."

आत जाऊन गोल काढला. या वेळी टेप नाही, दोरा ताणून धरला. एकदा आमच्याकडून, एकदा तिच्याकडून. आमचा दोरा बोटभर कमी भरला.

फोन हातात घेतला, तसाच खाली ठेवला. काय सांगू लेकाला? आईचं माप चुकलं? आणि तिकीट तर निघालेलं. बाहेर विहीणबाई अजून हात पसरून उभ्या.

कोट शिवताना मनात आलं, काखेत आवळून टाकावा, तेरा तास हात वर होऊ नयेत. पण कात्री काही वाकडी जाईना. अंगावर असा बसला की आरशासमोरून हलायला तयार नाहीत बाई.

त्या निघाल्या तेव्हा अस्तराच्या उरल्या मऊ कापडाचं झबलं मी त्यांच्या हातात ठेवलं. "बाळाच्या अंगाला पहिलं हेच लागलं पाहिजे."

"अहो, मी पण आणलंय की एक."

"बाजारातलं ना? ते दुसऱ्या दिवशी."

त्यांनी झबलं उलटंपालटं करून पाहिलं. "पण बाळ अजून व्हायचंय. माप कुठून घेतलंत?"

"माझं माप चुकत नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं.