नाही ना?

एमआरआयच्या खोलीच्या दारात ती उभी राहिली की भलेभले मुकाट्याने खिसे उलटे करायचे. हॉस्पिटलात तिला सगळे चुंबकबाई म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला ते मनातून आवडायचं. आतलं मशीन चालू असो नसो, त्याचं चुंबक दिवसरात्र जागंच असतं, लोखंड दिसलं की ओढून घेतं, हे सांगताना ती कधी थकली नाही. खुद्द मोठ्या साहेबांना तिने खिशातल्या पेनपायी दारातून परत पाठवलं होतं. एका बाईंच्या अंबाड्यातून तिने इतक्या पिना उपसल्या की बाई म्हणाल्या, "आता डोकं तेवढं राहू द्या."

तिचे प्रश्न ठरलेले होते. अंगात पेसमेकर आहे का? कसलं ऑपरेशन झालंय का? कानात यंत्र आहे का? लोखंड घासायचं, कापायचं काम कधी केलंय का, डोळ्यात कण गेला होता का? 'अंगात काही आहे का' या प्रश्नाला एका आजींनी "माझ्या नाही गं, माझ्या जावेच्या अंगात येतं" असं उत्तर दिलं होतं, तेव्हाही न हसता ती पुढच्या प्रश्नाकडे वळली होती.

पण त्या दिवशी सकाळपासून बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कारण त्या दिवशी यादीत तिचे बाबा होते.

बाबांच्या उजव्या हातातून कप निसटायला लागला होता. आधी एक, मग दुसरा. आईने "तुमचं लक्ष कुठे असतं" म्हणून तोंडसुख घेतलं, आणि मग एक दिवस बाबांना शर्टाचं बटण लावता येईना, तेव्हा तीच घाबरली. मेंदूच्या डॉक्टरांनी हातोडीने गुडघे ठोकून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, एमआरआय करून घ्या. इतक्या शांतपणे बोलणारे डॉक्टर लेकीने कामावर रोज पाहिले होते. त्या शांतपणाचा अर्थ तिला ठाऊक होता, हेच तर वाईट होतं.

रोज सकाळी ती मशीनमध्ये पाण्याने भरलेला एक गोळा ठेवून चित्र काढायची, म्हणजे मशीनची नजर साफ आहे की नाही ते कळतं. तिच्या खात्यात त्या गोळ्याला भोपळा म्हणत. त्या दिवशी तिने भोपळा दोनदा तपासला. दोन्ही वेळा चित्र स्वच्छ. मग दाराची कुलपं पाहिली, पेशंटच्या हातात द्यायचा रबरी फुगा दाबून पाहिला, घंटा वाजते का ऐकलं, परत दाबला.

"बाई, बसा की जरा," तिचा कामावरचा जोडीदार म्हणाला. काचेमागच्या कॉम्प्युटरवर तो बसायचा. "तुमच्या फेऱ्यांनी फरशी झिजेल."

"तू तुझं बघ," ती म्हणाली आणि अजून एक फेरी मारली.

आई-बाबा आले. बाबांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, जणू फोटोच काढायचा आहे. बाबांचं आयुष्य एका कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात गेलं, पण बाहेर जाताना त्यांची कॉलर कधी चुरगळलेली दिसली नाही. आईने चष्मा, घड्याळ, पट्टा, किल्ल्या सगळं ओंजळीत घेतलं आणि ती बाकावर बसली.

"बाबा, चला," तिने त्यांना हॉस्पिटलचे कपडे दिले. ते बदलून आले तेव्हा त्या ढगळ झग्यात ते एकदम लहान दिसले. हे लवकर उरकू दे, एवढंच तिच्या मनात होतं. "बाबा, अंगात काही नाही ना? ऑपरेशनबिपरेशन काही नाही, पेसमेकर नाही... डोळ्यातबिळ्यात कधी काही गेलेलं नाही ना?"

"नाही गं," बाबा म्हणाले.

"हं, चला."

नियमाप्रमाणे जोडीदाराने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात, एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून. तो उठलासुद्धा. पण बाईंचे वडील, विचारणाऱ्या खुद्द बाई, आपण आणखी काय दिवे लावणार, असं वाटून तो परत बसला. सगळ्या गावाला शहाणपण शिकवणाऱ्यांच्या घरीच दिव्याखाली अंधार असतो, तो असा.

तिने बाबांना आत नेलं, टेबलावर झोपवलं, डोक्याभोवती तो जाळीचा टोप बसवला, हातात फुगा दिला. टेबल मशीनच्या बोगद्यात सरकवण्यासाठी तिने बटणाकडे हात नेला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "ठमे, गार वाटतंय गं."

या नावाने जगात एकच माणूस तिला हाक मारायचा. ती पांघरूण आणायला बाहेर आली.

बाकावरून आई म्हणाली, "झालं?"

"सुरूसुद्धा नाही झालं अजून."

"त्या उजव्या डोळ्याला जप हं त्यांच्या. डावा तर काचबिंदूने नेलाच, आता हा तेवढाच धड आहे. त्यात तो कीस."

"कुठला कीस?"

"लेथवरचा, अजून कुठला! तू पोटात होतीस तेव्हा उडाला. मी रुमालाच्या टोकाने काढायला गेले तर आणखीनच आत. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, खोल जाऊन निजलाय, निजू द्या. निजला तो निजलाच, कधी त्रास नाही बघ."

पांघरूण कधी खाली पडलं ते तिला कळलं नाही. तो लोखंडाचा कण आता हॉस्पिटलातल्या सगळ्यात मोठ्या चुंबकापासून हातभर अंतरावर होता, आणि चुंबक त्याला निजू देणार नव्हतं. कण हलला तर तो डोळा आतून चिरत जाणार. बाबांना दुसरा डोळा नव्हता.

"मग मशीन बंद कर की!" तिचा चेहरा बघून आई उठली.

"ते बंद होत नाही, आई."

तिला धावायचं होतं. पण टेबलाला धक्का लागला, बाबा दचकून उठले, मान फिरली, तर संपलंच. ती पाण्यात चालल्यासारखी चालत आत गेली. जोडीदाराला तिने काचेतून, थांब म्हणून, नुसता हात दाखवला. तो पांढराफटक पडला, पण जागचा हलला नाही. पोरगा कामाचा होता.

"बाबा, डोळे मिटा. मान अजिबात हलवायची नाही. मी सांगेपर्यंत बोलायचंसुद्धा नाही."

"का गं?"

"बोलायचं नाही म्हटलं ना!"

ती आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडली. चाकं सुटी करून टेबल तिने सरळ रेषेत मागे ओढायला सुरुवात केली, इतकं हळू की हलतंय की नाही तेच कळेना. बाबांच्या मिटलेल्या पापणीकडे ती बघत होती. पापणी थरथरली की ती थांबायची. त्यांच्या गालावर एक ओघळ दिसला आणि तिला वाटलं रक्तच, पण ते पाणी होतं. दार आलं. दारापलीकडे जोडीदाराने टेबलाचं दुसरं टोक धरलं.

"उघडू का?" बाबांनी विचारलं.

"उघडा."

त्यांनी उजवा डोळा उघडला आणि तिच्याकडे पाहिलं. "काय गं, रडतेस काय?"

तेव्हा तिला कळलं, की आपण रडतोय.

एक्स-रेमध्ये डोळ्याच्या काळ्या खोबणीत एक पांढरा ठिपका होता, तिळाहून बारीक. डोळ्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ दिवा मारून पाहिलं, अक्षरं वाचून घेतली, आणि म्हणाले, कण आपल्या जागेवर दिसतोय, डोळा शाबूत आहे, उद्या परत दाखवा. एमआरआय मात्र या जन्मी विसरा. आता सीटी स्कॅनवर, म्हणजे चुंबक नसलेल्या मशीनवर भागवायचं, मेंदूत जेवढं दिसेल तेवढं खरं.

खात्याच्या मुख्य डॉक्टर मॅडम खाली आल्या. असं काही घडलं, किंवा घडता घडता टळलं, की वर कळवावं लागतं. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पेशंटने माहिती दिली नाही, एवढंच कळवते. तुझ्यावर काही यायला नको."

"हो, तसंच लिहा," बाबा चाकाच्या खुर्चीतून म्हणाले. "म्हाताऱ्याने लपवलं म्हणून लिहा. मला काय, मी कुठे नोकरीला लागतोय आता."

"पण का नाही सांगितलंत, बाबा?" तिचा आवाज चढला. "मी विचारलं होतं ना तुम्हाला!"

बाबांनी जरा आठवून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. "विचारलंस कुठे, ठमे? तू म्हणालीस, नाही ना. तुझं तोंड एवढंसं झालं होतं. मग मी काय, हो म्हणू?"

परक्या माणसाला ती 'आहे का' म्हणून विचारायची आणि उत्तरासाठी थांबायची. बाबांना तिने उत्तरच हातात दिलं होतं, आणि त्यांनी लेकीचं मन राखलं होतं. फोनवर तरी वेगळं काय करत होती ती? बरं आहे ना, जेवलात ना, औषध घेताय ना, चला ठेवते. सगळ्यालाच ते हो म्हणायचे.

"मॅडम, मी विचारलं नाही असं कळवा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदाही कोणी विचारलं नाही, तेही कळवा."

जोडीदाराने मान खाली घातली. मॅडम वर गेल्या.

सीटीच्या बाहेर तिघं बसली. आत कोणीतरी होतं, नंबर लागायला वेळ होता. बाबांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. "आता बरं वाटतंय ना" हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, ते तिने गिळून टाकलं.

"बाबा, हात असा कधीपासून होतोय?"

"अगं, दिवाणखान्यातला कप फुटला ना, तेव्हापासून," आई म्हणाली.

"तू थांब, आई. त्यांना सांगू दे."

बाबा हाताकडे बघत राहिले. ती थांबली. आईने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"काम सोडलं मी," बाबा अखेर म्हणाले, "ते कंटाळा आला म्हणून नाही सोडलं."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "त्याला चार वर्षं झाली!"

"हत्यार धरवेना. एकदा बोट जाता जाता वाचलं. तेव्हा घरी येऊन म्हटलं, काम सोडतोय. तुम्ही सगळे म्हणालात, आता आराम ना? मी म्हटलं, हो."

आतून बाबांच्या नावाची हाक आली. तिने हात वर करून हाक मारणाऱ्याला थांबायला सांगितलं, बाबांसमोर फरशीवरच बसली, आणि म्हणाली, "आणखी काय काय होतं, बाबा?"

बाबा सांगायला लागले.