बारीक तार

"फ्यूज उडला त रागावू नको, प्रेमिला. कुठीतरी काही चुकलं हाय, हे तो सोता जळून सांगते. पयले जाऊन पाहजो, मंग तार टाकजो. अन् टाकजो त बारीकच."

नवऱ्याचे, इस्तारीचे, हे शब्द मनातल्या मनात धरून प्रेमिला गावाला वीज देणाऱ्या डीपीच्या बंद पेटीला पाठ लावून उभी होती. एका हातात विझलेली पणती. तुळशीपुढे दिवा लावायचा, मग एक दिवा इथे डीपीच्या ओट्यावर ठेवायचा, हा तिचा रोजचा नेम. आज दिवा ठेवायला आली, तर समोर अर्धं गाव जमलेलं.

"वहिनी, सरा ना बाजूले!" प्रफुलच्या हातात सर्व्हिस वायरमधून सोललेली जाड तार होती. प्रफुल तिचा दीर. त्याची बायको रोशनी दुपारीच आरोग्य उपकेंद्रात बाळंत झाली होती. बाळ अगदीच लहानसं. सिस्टरनं त्याला ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली ठेवलं आणि दिवेलागणीला लाइन गेली.

"बारीक टाक," प्रेमिला म्हणाली.

"टाकला होता! लगेच उडला. लाइनमनचा फोन लागून नाई राह्यला. तिकडे पोरगं थंड पडून राह्यलं, अन् तुमी इथी..."

"डीपी काय इस्तारीभाऊनं वहिनीच्या नावावर करून देली?" मागून कोलू बोलला. दोघंतिघं हसले.

"तोंड सांभाळ रे," अंजनाबाईनं दटावलं. "एकादशीची उपाशी बाई हाय ते."

प्रेमिलानं मान वर केली नाही. इस्तारी लाइनमन होता. पावसात तार तुटून रस्त्यावर पडली, तेव्हा फ्यूज उडायला हवा होता. तो उडाला नाही, कारण पेटीत कुणीतरी जाड तार घातलेली होती. शाळेतून येणाऱ्या पोरांना मागं ढकलताना इस्तारीचा पाय चिखलात घसरला आणि तो त्या जिवंत तारेवर पडला. ती जाड तार कुणी घातली होती, हे तिनं कधीच विचारलं नाही. गावानंही सांगितलं नाही.

"अंजनाबाई, सिस्टरले सांगा, बाळाले रोशनीच्या छातीशी धरा. वरून गोधडी टाका. आईच्या अंगाची ऊब पुरते तोवर," ती हळू आवाजात म्हणाली. मग प्रफुलकडे वळली. "प्रफुलभाऊ, वावरातली तार काढली का?"

प्रफुलचा हात खाली आला.

धानाचे दाणे भरू लागले की रानडुकरं बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, उतरतात. मग लाइनवर आकडा टाकून धुऱ्यावरच्या, शेताच्या कडेच्या, तारेत करंट सोडायचा आणि उजाडताच काढायचा, असं गावात चालतं. सगळ्यांना ठाऊक, पण कुणी बोलत नाही.

"सकाळीच काढत असतो," प्रफुल पुटपुटला. "आज रोशनीच्या पोटात दुखून राह्यलं... इसरलो."

"अन् मामाजी कुठी हायेत?"

आता कुणी हसलं नाही. बापूजी, प्रेमिलाचे सासरे, जेवून घेऊन पिकाच्या जागलीला निघाले होते. बांधीकडेच.

हातातली तार तिथंच टाकून प्रफुल धावत सुटला. "आकड्याले हात नोको लावू, वाळल्या बांबूनं काढ!" प्रेमिला मागून ओरडली. एवढा मोठा आवाज तिच्या तोंडून गावानं कधी ऐकला नव्हता.

कोलूनं खाली पडलेली तार उचलली. "तो येईपर्यंत पोरगं..."

"मले ढकलून टाक, कोलू," ती पूर्वीसारखीच हळू बोलली. "नाईतर ठेव ते खाली."

कोलू तार धरून उभाच राहिला. उपकेंद्राकडून बाळाचं बारीक रडणं आलं, थांबलं. पुन्हा येईना. प्रेमिलाचे ओठ नाम घेत हलत होते. आपण चुकलो असलो तर? पाठीमागचा पत्रा गार लागत होता. ती हलली नाही.

अंधारात बॅटरीचा उजेड डोलत आला. पुढे बापूजी, मागे प्रफुल.

"मले काऊन ओढत आणलं याने?" म्हातारा कुरकुरत होता. "बीडी बी पुरी ओढू देली नाई!"

प्रफुल ओट्याजवळ येऊन बसला. "डुकरानं तार ओढत नेली, वहिनी. बोअरच्या लोखंडी पायपावर पडली होती." "बापूजी त्याच पायपाले टेकून बसले होते."

कोलूनं हातातली तार गुपचूप खाली ठेवली.

प्रेमिला पेटीपासून बाजूला झाली. प्रफुलनं बारीक तार आवळली, फ्यूजचा किटकॅट पेटीत बसवला. उपकेंद्राची खिडकी उजळली आणि तशीच उजळत राहिली. जरा वेळानं रडणंही ऐकू आलं.

"सगळ्याईचे आकडे काढतो, वहिनी. मी सोता काढतो."

"नुसतं बोलून नोको ठेवू," ती म्हणाली आणि पणती पुन्हा पेटवू लागली.

रोशनी बाळाला घेऊन घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिला देव धूत होती. धुकं अजून अंगणातच होतं. प्रफुल दाराशी येऊन उभा राहिला. खांद्यावर वाळला बांबू.

"लाइन बंद केली. फ्यूज खिशात हाय माह्या, कोनी चालू नाई करू शकत," तो म्हणाला. मग खाली बघून, "दादाचे हातमोजे..."

देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर ते रबरी हातमोजे होते. रोज ती पुसायची. कुणाला हात लावू देत नसे. तिनं हात कोरडे केले, ते उतरवले, आतून फुंकर मारून पाहिले आणि त्याच्या हातात दिले.

"पयले कोनाकडे?"

"कोलूच्या बांधीवर. शिव्या देईन तो."

"देऊ दे."

तो पाणंदीनं निघाला. धुक्यात आधी तो दिसेनासा झाला, मग बांबूचं टोक. प्रेमिलानं रिकाम्या खुंटीखालची, धुरानं काळी न पडलेली जागा पाहिली आणि पुन्हा देव धुवायला बसली.