कडी काढलेली होती

मी दारफोड्या बोलतोय. नाव ऐकून तुम्हाला घरफोड्या आठवला असेल, तर तुमची काही चूक नाही. दोघांत फरक एवढाच, की तो चोरून येतो आणि मला हुकूम असतो.

मी म्हणजे लोखंडाचा एक लांबट, भरीव ठोकळा. पाठीवर दोन मुठी, पुढे सपाट तोंड. पाण्याने भरलेल्या बादलीहून जड. मला दोन्ही हातांनी धरायचं, मागे झोका घ्यायचा आणि कडीच्या जरा खाली हाणायचं. दार चौकटीसकट आत जातं.

माझा जन्म फौजेच्या कारखान्यात झाला. वेल्डिंग करणाऱ्या बाईने माझ्या मुठी जोडल्या, दोन्ही हातांनी ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "मजबूत झालायस. कुणाचा तरी जीव वाचवशील." ते ऐकून मी फुशारलो होतो.

सीमेवर मला खरंच तसं काम मिळालं. रिकाम्या झालेल्या गावांत शत्रूचे बंदूकवाले घरं अडवून बसत. मी दार फोडायचो, जवान आत शिरायचे. एकदा तर शत्रूने आत कोंडलेले आमचेच तिघे जण माझ्यामुळे जिवंत बाहेर आले. तिथे दाराच्या पलीकडे कोण आहे, हा प्रश्नच नसायचा. पलीकडे शत्रू. बस्स.

मग लढाई थांबली. कोठारात सामान पडून राहिलं, तेव्हा वरून ठरलं की हे शहरातल्या पोलिसांना द्यावं. शिरस्त्राणं, जाड जाकिटं, ठिपक्याठिपक्यांचे गणवेश, एक चिलखती गाडी आणि मी, अशी आमची वरात चौकीच्या अंगणात उतरली.

चौकीतले जमादार निवृत्तीला टेकलेले. त्यांनी मला उचलून पाहिलं आणि कंबरेला हात लावत खाली ठेवलं. "या जावईबापू! आता जावईच दारात आल्यावर कोण उघडणार नाही?" सगळे हसले. तेव्हापासून चौकीत माझं नाव जावई पडलं. "जावयाला गाडीत घ्या रे," "जावयाला तेल लावलं का?" माझेही लाड व्हायचे.

मला सांभाळायचं काम पैलवानाकडे आलं. पैलवान म्हणजे खांद्यांनी दार भरून टाकणारा शिपाई. त्याआधी तो चौकात वाहनं अडवायचा. आवाज मात्र इतका मऊ, की लोक त्याला दोनदा विचारायचे, "काय म्हणालात?"

चौकीतल्या शिपायांना शिकवायला फौजेतूनच एक हवालदार आला. पोलिसांतही हवालदार असतातच. हुद्द्याचं नाव एकच, म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही. तो म्हणाला, "दाराआड शत्रू आहे, असं धरूनच चालायचं. विचार करत बसलात तर मेलात."

जमादारांनी हात वर केला. "आणि दाराआड आमचा रोजचा दूधवाला निघाला तर?"

पुन्हा सगळे हसले. हवालदारही हसला. आणि लगेच पुढच्या धड्याकडे वळला.

सुरुवातीला मी क्वचित बाहेर पडायचो. एकदा एका घरातून खरोखर बंदुका सापडल्या, वर्तमानपत्रात फोटो आला, कडेला मीही होतो. पण हाती साधन आलं, की त्याला काम शोधलं जातं. हळूहळू कोर्टाच्या तारखेला न आलेल्या माणसासाठी मी जाऊ लागलो. मग विजेच्या चोरीसाठी. पूर्वी तिथे जमादार चपला वाजवत जायचे आणि कडी वाजवून म्हणायचे, "अहो, जरा बाहेर येता का?" माणूस शर्टाची बटणं लावत बाहेर यायचा. आता मी जायचो.

मग ती दुपार आली.

गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली होती. संशय एका न्हाव्याच्या मुलावर होता. अरुंद गल्लीत चिलखती गाडी शिरली, तेव्हा वाळत घातलेले कपडे तिच्या टपाला अडकून ओढले गेले. ठिपक्यांचे गणवेश उतरताना पाहून एका म्हातारीने खिडकीतून विचारलं, "का रे बाबांनो, लढाई लागली का?"

चौकीच्या साहेबांनी आवाज दिला, "पोलीस! दार उघडा!"

पैलवानाची एक सवय होती. घाव घालण्याआधी नेम धरायला तो माझं तोंड हलकेच दाराला टेकवायचा. तसं त्याने टेकवलं. लाकडातून मला आतलं सगळं कळतं. आत नळ चालू होता, तो बंद झाला. मुलीचा आवाज आला, "बाबा, मी बघते." मग सपाता घसटत कुणीतरी दाराशी आलं. "तू थांब गं. आलो, आलो! उघडतोय!" आणि कडी सरकली. लोखंडाचा लोखंडावर आवाज. तो मला ओळखता येत नाही, असं कसं होईल?

पैलवानाच्या कानांवर शिरस्त्राण होतं. मागून साहेब ओरडत होते, गाडीचं इंजिन धडधडत होतं. त्याने मला मागे ओढलं. थांब, थांब, कडी निघाली, असं मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड दिलंय ते बोलायला नाही. मी झोक्यासरशी गेलो आणि दाराला लागलो.

दार सताड उघडलं. आतला माणूस भिंतीवर आदळला. त्याचा उजवा हात दार आणि भिंतीच्या मध्ये सापडला होता. तोच न्हावी. तो ओरडला नाही. बोटांकडे बघत म्हणाला, "उघडतच होतो की हो."

मुलगा घरात नव्हताच. गाद्या उसवल्या, डबे उपडे केले, तार मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मामाबरोबर चालत चौकीत हजर झाला. चोरी त्याने कबूल केली. त्याला आणायला मामाची चापट पुरेशी होती.

न्हाव्याची बोटं जुळली, पण वळेनात. वस्तरा धरायची तीच बोटं होती.

चौकशी लागली. आदल्या संध्याकाळी साहेबांनी पैलवानाला सामानाच्या खोलीत गाठलं. साहेब काही दुष्ट नव्हते. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघ, दोनदा आवाज दिला, दार उघडलं नाही, म्हणून फोडलं. एवढंच म्हण. तुझी पोरंबाळं आहेत."

ते गेल्यावर पैलवान जमादारांजवळ बसला. मला पुसायचं फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं.

"जमादारमामा, त्या दिवशी दार हलकं लागलं."

"म्हणजे?"

"कडी लागलेली असली, की खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. त्या दिवशी काहीच नाही. पडदा बाजूला केल्यासारखं. मला तेव्हाच कळलं." त्याने फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरी गेलो, की धाकटी दार उघडायला धावत येते. आता मी बाहेरूनच ओरडतो, दारामागून बाजूला हो गं! ती हसते. तिला वाटतं, बाबा खेळतायत."

जमादारांनी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि तेच मला पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी मलाही चौकशीच्या टेबलावर ठेवलं होतं. समोर न्हावी आणि त्याची मुलगी. अधिकाऱ्याने विचारलं, "हेच का ते?" न्हावी उठून जवळ आला. त्याने डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. आजवर मला कितीतरी हातांनी धरलं, पण इतका हलका हात कुणाचाच नव्हता.

"एवढं जड आणलंत?" तो म्हणाला. "माझ्या दाराला एक बोट पुरत होतं."

मग पैलवानाची पाळी आली. साहेबांनी घसा खाकरला. पैलवान अधिकाऱ्यासमोर उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला दोनदा विचारावं लागणार नाही अशा आवाजात म्हणाला, "कडी काढलेली होती, साहेब. मी उघड्या दारावर घाव घातला."

पैलवानाला पुन्हा चौकात उभं केलं. ठिपक्यांचा गणवेश काढून घेतला. साहेबांना समज मिळाली. अहवालात शेवटी लिहिलं, की साधनात कोणताही दोष आढळला नाही. साधन म्हणजे मी. जमादारांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा मला कुणीतरी वितळवून टाकावं असं वाटलं.

त्यांच्याच तोंडून मला पुढचं कळलं. न्हाव्याचं दुकान आता मुलगी चालवते; तो शेजारी बसून तिला वस्तऱ्याचा कोन सांगतो. शटर दोघांनाही उचलवत नाही. म्हणून पैलवान रोज कामावर जाण्याआधी तिथे जातो, शटर वर करतो आणि निघून जातो. कितीतरी दिवस न्हावी त्याच्याशी बोलला नाही. मग एका सकाळी म्हणाला, "तेल घाल जरा त्याला. फार कुरकुरतंय." बस, तेवढंच.

आणि मी? मी अजून कामावर आहे. जमादार निवृत्त झाले. मला आता जावई कुणी म्हणत नाही. नव्या शिपायाचे दंड भक्कम आहेत आणि तो नेम धरायला मला दाराला टेकवत नाही. पलीकडचं आता मला काहीच ऐकू येत नाही. खरं सांगतो, त्याने मला बरंच वाटलं. बरं वाटलं, याचीच लाज वाटते.

परवा पुन्हा त्याच वस्तीत गाडी शिरली. मला खाली उतरवलं, आणि शिपाई थबकला. गल्लीतली सगळी दारं उघडी होती. अगदी सताड. प्रत्येक दारात माणसं हात वर करून उभी. एका बाईच्या कडेवर बाळ होतं. तिने एकच हात वर केला होता आणि दुसरा करता येत नाही म्हणून ती रडवेली झाली होती. गाडीचा आवाज आला, की ती वस्ती आता अशीच करते म्हणे. दिवसा तर कुणी कडी लावतच नाही. आंघोळीला बसलेलं माणूससुद्धा बाहेरचं दार उघडं ठेवतं.

मला वाटायचं, दारं आपणहून उघडी मिळाली तर माझं ओझं उतरेल. त्या दिवशी मी कुठल्याच दाराला लागलो नाही, तरी त्या गल्लीतली सगळी दारं मीच फोडल्यासारखी दिसत होती.

त्या बाईला कुणीतरी सांगा, दार लावून घे. कडी घाल, बाळाला निजव, वाऱ्याने खडखडलं तरी उठू नकोस. कुणी आलंच, तर आधी कडी वाजवेल, थांबेल, तुझं नाव घेईल. एवढं तिला सांगायला हवं. मी ते कुठल्या तोंडाने सांगू?