वितीचा पाठ

"आज तुम्हीच शिकवणार?" असं दुसरीच्या वर्गाच्या मोठ्या बाईंना सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्या सोमवारी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, आणि तेही असं तोंड पाडून की बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

याला कारण ताई. विद्यापीठाने शाळेशी करार केला होता. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींनी काही महिने खऱ्या वर्गात, वर्गाच्या बाईंच्या हाताखाली शिकायचं. बाईंच्या वाट्याला आली ती ही काटकुळी, सतत चष्मा वर ढकलणारी, खडूसुद्धा धड न धरता येणारी पोरगी. तिला सगळं शिकवलं ते बाईंनीच. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, गोंगाट वाढला की आपला आवाज खाली आणावा, प्रश्न विचारल्यावर उत्तराची घाई करू नये. पोरीने ते असं उचललं की दुसऱ्या महिन्यात मुलं बाईंना ओलांडून तिच्याकडे वह्या तपासायला नेऊ लागली. मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी कोण बसणार यावरून मारामाऱ्या. एकाने वर्गाचं चित्र काढलं, त्यात ताई फळ्याएवढी आणि बाई कोपऱ्यात, कपाटापेक्षाही बुटक्या.

"हेवा वाटतोय तुला तिचा," नवरा म्हणाला.

"मला? त्या चिमुरडीचा?" बाई कडाडल्या. "खडू धरायला मी शिकवलंय तिला!"

"म्हणूनच तर," नवरा म्हणाला आणि शहाण्यासारखा वर्तमानपत्रामागे लपला.

वाटत होता हेवा. भयंकर वाटत होता.

गुरुवारी ताईचा परीक्षेचा पाठ होता. विद्यापीठाच्या मॅडम मागे बसून तो बघणार आणि त्यावर ताई पास की नापास हे ठरणार. अट एकच, पण कडक: विषय मुलांना अगदी नवा हवा. आधी तालीम करून घेतल्याचं आढळलं तर पाठ रद्द, म्हणजे पोरीचं वर्षच वाया.

ताईने मोजमाप हा विषय घेतला होता. आराखडा तिने मंगळवारीच बाईंना दाखवला. टेबल आधी ती स्वतःच्या वितीने मोजणार, मग वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाच्या वितीने. उत्तरं दोन येणार, मुलं भांडणार, आणि भांडता भांडता सगळ्यांसाठी एकच माप हवं हे त्यांचं त्यांनाच सुचणार.

"त्यांनी स्वतः शोधलं पाहिजे ना, बाई?"

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी आराखडा दोनदा वाचला. इतका सुरेख पाठ त्यांना सव्वीस वर्षांत सुचला नव्हता.

बुधवारी ताईला विद्यापीठात बोलावलं होतं. शेवटचा तास रिकामा होता. थोडी पूर्वतयारी करून घेऊ, पोरीलाच सोपं जाईल, असं बाईंनी स्वतःला बजावलं, आणि दहा मिनिटांत वीत, टेबल, पट्टी सगळं उरकून टाकलं. वर मुलांकडून चारदा घोकूनही घेतलं.

गुरुवारी मॅडम वही उघडून मागच्या बाकावर बसल्या. बाई त्यांच्या शेजारी. ताईने टेबलावर हात पसरला. "हे टेबल किती लांब आहे बरं? मी माझ्या वितीने…"

"प्रत्येकाची वीत वेगळी! पट्टीने मोजायचं!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

ताईचा हात टेबलावर तसाच राहिला. चेहरा पांढराफटक. मॅडमचं पेन थांबलं.

"हे वर्गात आधी झालंय?"

"काल मोठ्या बाईंनी शिकवलं!" पहिल्या बाकावरची अभिमानाने म्हणाली.

मॅडम वळल्या. तेवढ्यात ताईच बोलली.

"मॅडम, मीच बाईंना विनंती केली होती. मुलं गोंधळतील अशी भीती वाटली मला. चूक माझी आहे."

बाई नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी भागलं असतं. पण त्यांच्या पोटातून उसळून आला तो पश्चात्ताप नव्हे, तोच जुना जळफळाट. मुलं हिने नेली. पाठ हिने माझ्याहून चांगला काढला. आता मनाचा मोठेपणाही हिनेच दाखवायचा?

"खोटं बोलतेय ती!" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "तिने काहीही सांगितलं नव्हतं. मी मुद्दाम शिकवलं. मुलं हिच्यामागे धावतात ते मला बघवत नव्हतं."

मॅडमनी वही मिटली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत निकाल लागायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ताईने सोमवारी नवा पाठ घ्यायचा, मात्र शेजारच्या वर्गात, आणि उरलेले तीन आठवडेही त्या वर्गाच्या बाईंच्याच हाताखाली काढायचे. ताई आपली पिशवी घ्यायला आली तेव्हा बाईंनी विचारलं, "माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

"तुम्ही माझ्या बाई आहात ना," ती म्हणाली आणि चष्मा वर ढकलून निघून गेली.

सोमवारी वर्ग पुन्हा सगळाच्या सगळा बाईंचा झाला. वह्या त्यांच्याकडे आल्या, तक्रारीही आल्या. भिंतीपलीकडून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता. मधल्या सुट्टीत शेजारच्या बाई खुशीत आल्या.

"पाठ काय झकास झाला हो! आवाज खाली आणते, उत्तराची घाई करत नाही. आणि प्रत्येक गोष्ट मला विचारते. 'बाई, हे असं चालेल ना?' चांगली तयार होतेय माझ्या हाताखाली."

"हो का," बाई म्हणाल्या. त्यांनी समोरची वही ओढली आणि एक बरोबर आलेलं गणित चूक म्हणून कापलं.